सोलोला बूस्ट दाबूनही आवाज वर येत नाही, तेव्हा काय तपासायचं

गिटारच्या बूस्टची, म्हणजे पायाने दाबायच्या आणि सिग्नल मोठा करणाऱ्या पेडलची, ही तक्रार माझ्याकडे सतत येते आणि सांगणारा बदलला तरी शब्द फारसे बदलत नाहीत: “दादा, घरी बूस्ट दाबला की कान दणाणतात. स्टेजवर तोच बूस्ट दाबला की आवाज वाढायच्या ऐवजी आत जातो.” पुढची पायरीही ठरलेली असते. पेडलवर संशय येतो, ते अर्ध्या किमतीत विकलं जातं, दुसऱ्या कंपनीचं येतं, आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच.

मी स्वतः यात दोन महिने घालवले आहेत. पुण्यात एका गॅदरिंगला वाजवलं, घरी येऊन फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, आणि सोलो सुरू होताच गिटार मागे गेलेली ऐकू आली. रिदमला, म्हणजे गाण्याच्या साथीला, ती चांगली समोर होती. जिथे ती सगळ्यांच्या पुढे यायला हवी, नेमकी तिथेच कीबोर्डच्या मागे गेली. तो सोलो तीन आठवडे बसवला होता, त्यामुळे फार लागलं. मग पेडलं बदलली, केबल बदलल्या, पिकअपची (तारांचा कंप उचलून सिग्नल बनवणाऱ्या भागाची) उंचीसुद्धा बदलून पाहिली. शेवटी कळलं ते हे, की पेडल ठणठणीत होतं आणि मी ते चुकीच्या जागी लावलं होतं.

‘जागा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे कामाचे आहेत. एक, गिटारपासून ॲम्पपर्यंतच्या साखळीत पेडल कुठे बसलंय ती जागा. दुसरी, त्याच्या पुढच्या पेडलात किंवा ॲम्पमध्ये सिग्नलला अजून मोठं व्हायला उरलेली जागा, जिला हेडरूम म्हणतात. बूस्ट फक्त सिग्नल मोठा करतो. पुढे जागा असेल तर आवाज वाढतो. जागा संपलेली असेल तर सिग्नल वरून कापला जातो आणि आवाजाऐवजी फाट वाढते. बूस्टच्या बहुतेक तक्रारी या एका वाक्यात बसतात. आता ती जागा नेमकी कुठे संपतेय, हे शोधायचं.

आधी पेडल निर्दोष आहे का ते बघा

गिटार थेट बूस्टमध्ये, बूस्ट थेट ॲम्पच्या क्लीन, म्हणजे न फाटणाऱ्या, चॅनेलमध्ये. बाकी सगळी पेडलं काढून ठेवा. ॲम्पचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) खाली, आवाज आपण बोलतो तेवढाच. पेडलला बॅटरीची सोय असेल तर नवी बॅटरी लावा आणि ॲडॉप्टर बाजूला ठेवा. आता बूस्ट दाबा. आवाज स्वच्छ आणि स्पष्ट मोठा झाला, तर पेडल ठीक आहे, विकायला काढू नका. नाही झाला तर केबल, बॅटरी, जॅक या क्रमाने बघा. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यानंतर जॅकवर चढलेला गंज हे फार नेहमीचं कारण आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आतबाहेर केला की बऱ्याचदा काम होतं.

पेडल ठीक निघालं की एकेक पेडल परत जोडत जा आणि प्रत्येक वेळी बूस्ट दाबून ऐका. ज्या पेडलनंतर आवाजातली वाढ नाहीशी होते, तिथे जागा संपते आहे. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण अंदाजाने पेडलं बदलण्यापेक्षा खूप स्वस्त पडते.

बूस्ट ड्राइव्हच्या आधी असेल तर

दहातल्या सहा-सातांचा घोटाळा इथेच सापडतो. साखळी अशी असते: गिटार, बूस्ट, डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारं ड्राइव्ह पेडल), ॲम्प. बॉस डीएस-१ किंवा प्रोको रॅटसारख्या डिस्टॉर्शनमध्ये सिग्नल आधी भरपूर मोठा केला जातो आणि मग सिलिकॉन डायोडची जोडी त्याचे शेंडे छाटते. असा डायोड साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला वाहू लागतो, आणि त्याच्या वरचं जवळजवळ सगळं तिथेच संपतं. गेन थोडा जरी वर असेल तरी बूस्ट न दाबताच छाटणी चालू असते. आता बूस्टने सिग्नल दुप्पट करा नाहीतर दहापट, डिस्टॉर्शनमधून बाहेर पडणारी उंची डायोडने ठरवलेलीच राहते.

मग बदलतं काय? छाटलेला भाग वाढतो. स्वर जास्त वेळ टिकतो, पण पिकचा पहिला ठोका बोथट होतो, आणि हळू वाजवलेलं व जोरात वाजवलेलं सारखंच ऐकू येऊ लागतं. ड्रम, बेस, कीबोर्ड असे सगळे वाजत असताना गिटार ओळखू येते ती त्या ठोक्यामुळे. ठोका गेला की आवाज ‘आत गेल्या’सारखा वाटतो. मुलं जे सांगतात ते अगदी बरोबर ऐकलेलं असतं.

उपाय साधा आहे: बूस्ट उचला आणि डिस्टॉर्शनच्या नंतर लावा. छाटून तयार झालेला आवाज आता बूस्टमध्ये जातो आणि जसाच्या तसा मोठा होऊन बाहेर पडतो. ॲम्प क्लीन असेल तर एवढ्याने काम होतं. जॅम रूममध्ये आणि स्टेजवर भाड्याने मिळणारा रोलँडचा जेसी-१२० हा १२० वॉटचा ट्रान्झिस्टर ॲम्प यासाठी फार चांगला, कारण त्याच्यात जागाच जागा असते.

मात्र ड्राइव्हच्या आधी बूस्ट लावणं ही मुळातच चूक आहे, असं डोक्यात बसवू नका. बूस्टचा जन्मच त्यासाठी झाला. डलास रेंजमास्टर हा १९६०च्या दशकातला ब्रिटिश ट्रेबल बूस्टर: एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर, एक नॉब, आणि ॲम्पच्या डोक्यावर ठेवायचा एक डबा. रोरी गॅलाघरने तो व्हॉक्सच्या एसी-३० ॲम्पसमोर वापरला, टोनी आयोमीने लेनीच्या ॲम्पसमोर. न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज यांनी १९६८ साली इलेक्ट्रो-हार्मोनिक्स सुरू केली, आणि तिच्या सुरुवातीच्या उत्पादनांतला एलपीबी-१ हादेखील एका ट्रान्झिस्टरचा बूस्टरच होता. त्या काळच्या व्हॉल्व्ह ॲम्पना सिग्नल मोठा देऊन फाडायचं, हाच हेतू होता. आजही मेटल वाजवणारे आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण वर ठेवून तो हाय गेन ॲम्पसमोर लावतात. हे पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या आसपासचे मिड, म्हणजे मधले स्वर, वर आणतं आणि खालचा बेस कमी करतं, त्यामुळे पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले ठोके) घट्ट, सुटे ऐकू येतात. तिथे कुणाला आवाज मोठा नकोच असतो.

म्हणून बूस्ट लावण्याआधी स्वतःला विचारा: मला आत्ता आवाज मोठा हवाय की जाड? मोठा हवा तर ड्राइव्हच्या नंतर, जाड हवा तर आधी. दोन्ही हवं असेल तर दोन बूस्ट लागतात, आणि त्यात उधळेपणा काहीच नाही.

ॲम्पच फाटलेला असेल तर

काही जण ड्राइव्ह पेडल वापरतच नाहीत, ॲम्पचाच क्रंच, म्हणजे फाटणारा, चॅनेल वापरतात. अशा वेळी पेडलबोर्डवर बूस्ट कुठेही लावा, तो ॲम्पच्या प्रीॲम्पच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या आणि फाडणाऱ्या भागाच्या) आधीच येतो आणि वरचाच प्रकार घडतो. याला उत्तर म्हणजे ॲम्पच्या मागचा इफेक्ट्स लूप. सेंडमधून बूस्टमध्ये, बूस्टमधून रिटर्नमध्ये. आता बूस्ट प्रीॲम्पच्या नंतर आला.

पण लूपमध्ये आणखी एक खाच आहे. काही ॲम्पचा लूप लाइन लेव्हलचा असतो, म्हणजे तिथला सिग्नल आधीच मोठा असतो. अधिक ४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट आरएमएस, टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर साधारण साडेतीन व्होल्ट. बूस्टने त्यात ६ डेसिबल घातले की सिग्नल दुप्पट, म्हणजे ७ व्होल्ट. ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलची मर्यादा तिथेच जवळ येते आणि पिक जोरात पडला की बूस्ट स्वतःच फाटू लागतो. ॲम्पच्या मागे लूपची लेव्हल कमी करायचं बटण असेल तर ते दाबा. पेडल १८ व्होल्ट घेत असेल, उदाहरणार्थ झोटिकचा ईपी बूस्टर घेतो, तर १८ द्या. पेडलवर किंवा पुस्तिकेत तसं लिहिलेलं नसेल तर मात्र १८ व्होल्ट अजिबात लावू नका, आतले कपॅसिटर जाऊ शकतात.

हेच गणित थेट गिटारलाही लागू पडतं. जोरात वाजवलेल्या हंबकरमधून (दोन कॉइलच्या पिकअपमधून) एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त निघतो. २० डेसिबल म्हणजे दहापट, म्हणजे १० व्होल्ट, आणि पेडलला मिळतात ९. एमएक्सआरचा मायक्रो ॲम्प तर २६ डेसिबलपर्यंत, म्हणजे वीसपट वाढ देतो. नॉब पूर्ण उघडून “क्लीन बूस्ट क्लीन नाही” म्हणणाऱ्यांनी नॉब आधी घड्याळातल्या नऊच्या जागेच्या खाली आणून बघावा. सोलोला ३ ते ६ डेसिबल पुरतात.

लूप नसलेल्या ॲम्पवर एक जुनी युक्ती आहे आणि ती मला अजूनही आवडते: ॲम्पचा गेन कमी करा, रिदम वाजवताना गिटारचा व्हॉल्यूम सहा-सातवर ठेवा आणि सोलोला दहावर जा. व्हॉल्यूम खाली आणल्यावर ट्रेबल पडत असेल तर व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालच्या भागावर) ट्रेबल वाचवणारा एक छोटा ट्रेबल ब्लीड कपॅसिटर बसवून घ्या.

घरी चालतो, स्टेजवर नाही

आता मूळ तक्रारीकडे येतो, कारण साखळी बरोबर असूनही हा त्रास उरतो. घरी ॲम्प एखाद्या वॉटवरही चालत नसतो. त्याच्याकडे भरपूर ताकद शिल्लक असते, म्हणून बूस्ट दाबला की आवाज उसळतो. स्टेजवर तोच १५ वॉटचा ॲम्प ड्रमच्या बरोबरीला येण्यासाठी रिदमलाच, समजा, १२ वॉटवर पळतो. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. १२ वरून १५ वॉट म्हणजे जेमतेम १ डेसिबल, जो बँडच्या गोंगाटात कानाला कळतही नाही. सोलोसाठी स्वच्छ ६ डेसिबल हवे असतील तर ताकद चौपट लागते. म्हणजे १५ वॉटच्या ॲम्पवर रिदम ४ वॉटच्या आतच वाजवायला हवी.

इथे कुठलंही पेडल मदत करू शकत नाही. एक तर मोठा ॲम्प घ्या, नाहीतर ॲम्प कमी आवाजात ठेवून त्याला माइक लावा आणि हॉल भरायचं काम पीएवर, म्हणजे हॉलच्या स्पीकरांवर, सोपवा. छोटा ॲम्प जमिनीवर ठेवून त्याचा आवाज स्वतःच्या पोटऱ्यांवर सोडू नका. तो खुर्चीवर ठेवा, मागे कलता करा. निम्म्या वेळा वाजवणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसतो आणि तो बूस्टला दोष देतो.

थोडे मिड

नुसता आवाज वाढवण्यापेक्षा मिड वाढवणं पुष्कळदा जास्त कामाला येतं. घरी एकट्याने वाजवताना मिड काढलेला, बेस आणि ट्रेबल चढवलेला आवाज भरदार वाटतो. बँडमध्ये बेस गिटार खालचा भाग घेते, झांजा वरचा घेतात, आणि आपल्या हाती काहीच उरत नाही. बॉसचा जीई-७ हा सात पट्ट्यांचा इक्वलायझर बूस्ट म्हणून लावून बघा. ८०० हर्ट्झ आणि १.६ किलोहर्ट्झ या दोन पट्ट्या चार-पाच डेसिबल वर, १०० हर्ट्झची थोडी खाली, लेव्हल दोन-तीन डेसिबल वर. माझ्या बोर्डवर गेली कित्येक वर्षं सोलोसाठी हाच आहे. एकट्याने ऐकला तर तो नाकातून बोलल्यासारखा वाटतो, त्यामुळे विकत घेताना दुकानात आवडणार नाही. निर्णय बँडबरोबर वाजवूनच घ्या.

साउंड इंजिनिअरशी आधीच बोला

ॲम्पला माइक असेल किंवा प्रोसेसर (पेडलं आणि ॲम्प दोन्हींचं काम करणारं डिजिटल यंत्र) थेट मिक्सरला जात असेल, तर तुमच्या चॅनेलवर बहुधा कॉम्प्रेसर असतो. साउंड चेकमध्ये तुम्ही फक्त रिदम वाजवलीत, इंजिनिअरने त्यावरून पातळी लावली. कार्यक्रमात अचानक ६ डेसिबल जास्त आले की कॉम्प्रेसर ते दाबतो, किंवा दचकून इंजिनिअरच फेडर (मिक्सरवरची पातळीची पट्टी) खाली ओढतो. त्याचं काम तो बरोबरच करत असतो. साउंड चेकला रिदम वाजवा, मग बूस्ट दाबून सोलो वाजवा आणि सांगा, “दादा, सोलोला एवढं येणार आहे, ते तसंच राहू द्या.” माझ्या अनुभवात या एका वाक्याने जितके सोलो वाचले तितके कुठल्याच पेडलने वाचले नाहीत.

प्रोसेसर वापरत असाल तर बूस्टचा ब्लॉक ॲम्प आणि कॅबिनेटच्या ब्लॉकच्या नंतर ठेवा, आणि बूस्ट चालू असताना आउटपुटचा दिवा लाल होत नाही ना ते बघून घ्या.

घरघर, शिट्टी आणि ‘टक्’

बूस्ट आवाज निवडत नाही. गिटार वाढते तशी घरघरही वाढते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सिंगल कॉइल पिकअपमधली घरघर ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केल्यावर ती थांबली, तर उगम पिकअप किंवा गिटारमधला शिल्ड आहे. थांबली नाही, तर वीजपुरवठा आणि पॅच केबल बघा. एकाच ॲडॉप्टरवरून डेझी चेनने (अनेक प्लगच्या एकाच वायरने) डिजिटल डिले (प्रतिध्वनीचं पेडल) आणि बूस्ट दोन्ही चालवले की बारीक शिट्टी येते. बूस्ट बॅटरीवर टाका. शिट्टी गेली तर प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्यावा लागेल. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा जुन्या पद्धतीचा बूस्टर पॉझिटिव्ह ग्राउंडचा, म्हणजे बाकीच्यांच्या उलट जोडणीचा, असू शकतो. तो डेझी चेनवर बाकीच्यांबरोबर लावला तर शॉर्ट होतो.

एक कळकळीची विनंती. मंडपात जनरेटरवर घरघर यायला लागली की काही जण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. कृपया हे कधीही करू नका. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि गाणाऱ्याचे ओठ माइकला. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी याच प्रकारे, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून, स्टेजवरच गेला.

बूस्ट दाबताना ‘टक्’ असा आवाज येतो तो बहुधा ट्रू बायपास पेडलांत, म्हणजे बंद असताना सिग्नल सरळ तारेने पुढे सोडणाऱ्या पेडलांत. आतल्या कपॅसिटरमधून किंचित डीसी झिरपून साठतो आणि स्विच दाबताच मोकळा होतो. पहिल्यांदा जोरात आणि लगेच परत दाबलं तर हलका आवाज येत असेल, तर कारण हेच. इनपुट आणि आउटपुटवरून ग्राउंडला एक मेगओहमचा रेझिस्टर लावला की थांबतो. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाचं दहा मिनिटांचं काम आहे.

दाबला की ट्रेबल येतो, सोडला की मरतो

हा दोष बूस्टचा वाटतो, पण असतो केबलचा. गिटारच्या केबलची कपॅसिटन्स मीटरला ढोबळमानाने १०० पिकोफॅरड धरा. ॲम्पपर्यंत दोन्ही बाजूंची मिळून दहा मीटर केबल आणि मधली सगळी पेडलं ट्रू बायपास, म्हणजे पिकअपवर १००० पिकोफॅरडचा भार, आणि वरचा ट्रेबल गळतो. बूस्ट चालू केला की तो बफरचंही (सिग्नलला केबलचा भार पेलायची ताकद देणाऱ्या सर्किटचंही) काम करतो आणि ट्रेबल परत येतो. साखळीच्या सुरुवातीला एक बफर ठेवा. बॉसचा ट्यूनर असेल तर तो बंद असतानाही बफरच असतो. अपवाद फझ फेस या जुन्या पद्धतीच्या फझ पेडलचा. त्याला थेट गिटार लागते. त्याच्यासमोर बफर किंवा बूस्ट आला की तो कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून साफ होण्याचा त्याचा गुण जातो.

डिले आणि रिव्हर्ब बूस्टच्या नंतरच ठेवा. उलट लावलं तर बूस्ट बंद करताच शेवटच्या स्वराची शेपटी एकदम खाली पडते. डिजिटल डिले बूस्टच्या सिग्नलने कचकचत असेल तर बूस्ट दोन डेसिबल कमी करा.

आणि पातळी लावायची ती तालमीत, पूर्ण बँड स्टेजइतक्या आवाजात वाजत असताना. मी फोन खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवून कडव्याची रिदम आणि त्यापुढचा सोलो रेकॉर्ड करतो, लगेच ऐकतो, नॉब केसभर हलवतो, पुन्हा रेकॉर्ड करतो. तीन-चार फेऱ्यांत जुळतं. मग नॉबवर आणि पेडलच्या अंगावर पांढऱ्या मार्करने एक-एक रेघ ओढायची. बॅगेत नॉब फिरतोच, आणि पुढच्या स्टेजवर अंधारात ती रेघ दिसायला हवी.